दांडी कुठे लावायची ते आधी पक्ष्याला विचारा

मागच्या अंकात मी आमच्या हॉलमधल्या बाकाबद्दल लिहिलं होतं. त्याच्या एका टोकाला आम्ही चहा घेत बसतो आणि दुसऱ्या टोकाला पेरूच्या फांदीवर आमचा कॉकाटील, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट, बसतो, खाली स्टीलची परात, बस एवढंच. त्यावर इतकी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. बऱ्याच जणांचं म्हणणं एकच, पक्षी दिवसभर बाहेर असतो, सोफा खराब होतो, पडदे फाटतात, आणि घरातले म्हणतात की एक तर फर्निचर ठेवा नाहीतर पक्षी. मला वाटतं दोन्ही ठेवता येतं. मी काम करताना एक गोष्ट धरून चालते, की वस्तूतला पक्ष्याचा भाग काढून बदलता आला पाहिजे आणि माणसाचा भाग ओल्या फडक्याने पुसता आला पाहिजे, हे दोन्ही जमलं की भांडण निम्मं मिटतं. आलेल्यातले काही प्रश्न घेते.

प्रश्न : आमचा डोंबिवलीत वन बीएचके आहे. दोन कॉकाटील आहेत, दुकानदार कॉकटेल म्हणतो तेच. हॉल आणि किचनच्या मध्ये भिंत नाहीये, तिथे सुताराकडून पार्टिशन करून घ्यायचं ठरवलंय, खाली शू रॅक, वर शोकेस आणि सगळ्यात वर पक्ष्यांना बसायला दांड्या, म्हणजे एका खर्चात दोन कामं. सुतार म्हणतो एमडीएफ मध्ये, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळीत, स्वस्त पडेल. करू का?

पार्टिशन करा, पण दांड्या तिथे नको. किचनला लागून तर अजिबात नको, आणि याचं कारण नीट सांगते कारण हे माहीत नसल्यामुळे खूप जणांचे पक्षी गेलेत. नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर राहिला, आच मोठी असली, तर काही मिनिटांत तो इतका तापतो की त्याच्यावरच्या कोटिंगमधून वायू सुटायला लागतो, आपल्याला वासही धड येत नाही आणि शेजारच्या खोलीतला पक्षी दांडीवरून खाली पडतो. पक्ष्याचं श्वास घेणं आपल्यासारखं नसतं, फुफ्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात, हवा एकाच दिशेने वाहत राहते आणि तो प्रत्येक श्वासात आपल्यापेक्षा जास्त काही शोषून घेतो, चांगलं आणि वाईट दोन्ही. ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींमध्ये विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी ठेवायचे ते याचसाठी, 1986 पर्यंत ठेवत होते. तर किचनच्या पार्टिशनवर, फोडणीच्या धुरात, आपण आपले कॉकाटील बसवायचे का? शक्य असेल तर नॉनस्टिक घरातूनच काढा, लोखंडी तवा आणि बिडाची कढई वापरा. धूप, मच्छर कॉइल, कापूर, रूम फ्रेशनर हे सगळं पक्षी असलेल्या खोलीत बंद.

मग दांड्या कुठे? ते तुम्ही ठरवायचं नाही, ते त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. आठ दिवस काहीही करू नका, फक्त सकाळी जमिनीवर आणि कपाटांवर जुने पेपर पसरा आणि रात्री बघा शी कुठे सगळ्यात जास्त पडलीय. तीच त्यांची जागा. आमच्याकडे मी हौसेने खिडकीजवळ स्टँड केला होता आणि हा मात्र रोज बाकाच्या पाठीवर येऊन बसायचा, कारण तिथून दार आणि आम्ही दोघंही दिसायचो, मग शेवटी फांदी बाकालाच लावली आणि स्टँड माळ्यावर गेला. साधारण असं दिसतं की त्यांना पाठीला भिंत लागते, समोर माणसं दिसावी लागतात आणि उंची आपल्या छातीपासून डोळ्यापर्यंत चालते. खिडकी जवळ असावी पण दुपारचं पश्चिमेचं ऊन थेट अंगावर नको, सरकायला सावली पाहिजेच. तुमच्या घरात बहुतेक हॉलमधली टीव्हीच्या समोरची भिंत निघेल असं वाटतं, पण बघा, पेपरवरच विश्वास ठेवा.

आता एमडीएफ. पक्षी असलेल्या घरात मी ते वापरत नाही. एक तर कॉकाटील कडा कुरतडतो आणि एमडीएफची कड म्हणजे भुसा आणि डिंक, तो त्याच्या पोटात जातो. दुसरं, त्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड हा त्रासदायक वायू बरेच महिने सुटत राहतो. प्लायलाही डिंक असतोच पण ई-झिरो ग्रेडचा मागितला तर सुटण्याचं प्रमाण बरंच कमी असतं, बिलावर लिहून घ्या, शिक्का बघा. वरून लॅमिनेट लावा, लॅमिनेटवरची शी ओल्या फडक्याने सहज जाते. लाकडाच्या पॉलिशवर शी राहिली तर डाग पडतो, त्यातला पांढरा भाग म्हणजे युरिक अ‍ॅसिड, म्हणून. आणि वाळल्यावर खरवडत बसू नका, त्याची पूड उडते, ओलं फडकं दोन मिनिटं वर ठेवायचं आणि मग उचलायचं. ज्या कडा पक्ष्याच्या चोचीला लागतात तिथे एज बँडची टेप टिकत नाही, दोन महिन्यात निघते, तिथे अ‍ॅल्युमिनियमची एल पट्टी मारून घ्या.

पॉलिशचं म्हणाल तर मेलामाइन आणि पीयू हे ओले असताना पक्ष्यांसाठी फार वाईट, सुकल्यावर ठीक, पण नाकाला वास येतोय तोपर्यंत सुकलं नाही असंच समजायचं. ज्या दिवशी सुतार येईल त्या दिवशी दोन्ही पक्षी आईकडे, बहिणीकडे, कुठेही पाठवा, आणि काम संपल्यावर लगेच आणू नका, आठ दहा दिवस खिडक्या उघड्या ठेवा, कपाटाचे दरवाजे उघडून आत नाक घालून बघा. पक्ष्याजवळच्या भागाला मी जुन्या पद्धतीचं चपड्याचं पॉलिश करायला सांगते, लाख स्पिरिटमध्ये भिजवून करतात ते, स्पिरिट उडून गेलं की मागे फक्त लाख राहते. हल्लीचे सुतार कंटाळा करतात, हाताने घासावं लागतं ना, पण जुना मिस्त्री मिळाला तर आनंदाने करतो.

दांडीबद्दल थोडं जास्त सांगते कारण सगळा खेळ तिथेच आहे. दुकानातली गुळगुळीत, सगळीकडे सारख्या जाडीची गोल दांडी लावू नका. पायाच्या तळव्याच्या त्याच ठिकाणी दिवसभर, वर्षानुवर्षं दाब पडतो आणि तिथे फोड येतो, तो चिघळला की बरा करणं खूप अवघड. सँडपेपर लावलेली दांडी तर त्याहून वाईट, नखं घासतात असं सांगून विकतात पण सोलून निघतो तो तळवा. खरी फांदी घ्या, पेरूची सगळ्यात छान, बाभूळ चालते, निलगिरी चालते, बांबू चालतो पण तो गुळगुळीत असल्यामुळे एकटाच नको. कण्हेर, बिट्टी, रुई यांच्या फांद्या चुकूनही नाही, विषारी आहेत. जाडी कॉकाटीलसाठी साधारण 15 ते 20 मिलिमीटर, मध्येच थोडी जाड मध्येच बारीक अशी वाकडीतिकडी असली तर उत्तम, बोटांनी दोन तृतीयांश वेढा बसला पाहिजे आणि पुढची मागची नखं एकमेकांना लागता कामा नयेत. फांदी फवारणी न केलेल्या झाडाची, ब्रशने धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवलेली. भिंतीपासून किंवा फळीपासून एक वीतभर तरी पुढे आली पाहिजे, कॉकाटील डोक्यापासून शेपटीपर्यंत फूटभर असतो आणि त्यातली निम्मी शेपूट, ती मागे घासत राहिली की पिसं झिजतात. फांदीच्या टोकाला स्टीलचा दुहेरी आट्यांचा बोल्ट घालून मागून वॉशर आणि हाताने फिरवायचा पंखवाला नट, म्हणजे सहा महिन्यांनी फांदी कुरतडून संपली की पाना न घेता नवी लागते. पक्ष्यांनी ती कुरतडावी हेच आपल्याला हवंय, तेवढं तुमचं शोकेस वाचतं.

आणि एक, परात. फांदीच्या बरोबर खाली नाही, शेपटीच्या बाजूला सरकवून ठेवा, शी तिकडे पडते. दीड फुटाची घेतली तर निम्मी भांडणं त्या परातीतच संपतात.

छताच्या पंख्याचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीये म्हणून विचारते, पक्षी बाहेर असताना पंखा बंद असतो ना? आमच्याकडे पिंजऱ्याच्या दाराला एक लाल आकडा, म्हणजे हूक, आहे. दार उघडलं की तो आकडा काढून पंख्याच्या रेग्युलेटरला लटकवायचा, दार लावलं की परत दाराला. रेग्युलेटरवर लाल दिसलं की कोणी हात लावत नाही, पाहुणे सुद्धा विचारतात. उन्हाळ्यात जाळीचा टेबल फॅन लावा, पण बारीक जाळीचा.

प्रश्न : मी सांगलीची, वय 71. आमच्याकडे सासूबाईंच्या वेळचा शिसवी झोपाळा आहे, पितळी कड्यांचा, कड्यांवर हत्ती आणि मोर आहेत. नातवाने सन कन्युअर, म्हणजे पिवळा-केशरी परदेशी पोपट, आणलाय. मी दुपारी झोपाळ्यावर बसले की तो येतो, कडी चोचीत धरून वर चढतो, पार हुकापर्यंत जातो आणि मोराला टोचत बसतो. मला फार मजा वाटते पण सून म्हणते पितळ खाऊन तो मरेल. खरं आहे का? झोपाळा काढायचा नाही.

काकू, झोपाळा अजिबात काढू नका. पण सुनबाई बरोबर आहेत. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, जुन्या पितळात शिसंही असतं थोडंफार, आणि पक्ष्याच्या पोटात जस्त आणि शिसं दोन्ही विष. एकदा चोच लावली आणि मेला असं होत नाही, पण रोज तासभर टोचत बसला, त्यात हिरवट कळकट कीट साचलेला असला, किंवा तुम्ही पावडर लावून चकचकीत केला आणि ती पावडर खाचेत राहिली, तर हळूहळू अंगात साठतं. मग तो मलूल होतो, पाणी जास्त पितो, शी पातळ आणि हिरवी होते, तोल जातो. असं काही दिसलं तर घरगुती काही करत बसू नका, त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे. सन कन्युअरची चोच कॉकाटीलपेक्षा जोरकस असते, 100 - 120 ग्रॅमचा जीव पण पितळावर ओरखडे पाडतो.

दुसरी भीती मला पितळापेक्षा जास्त वाटते. कड्या एकमेकींत अडकवलेल्या असतात, झोपाळा हलला की त्यांच्यातली फट उघडते आणि मिटते, आणि त्यात त्याचं बोट असेल तर. झोपाळ्यावर बसलेल्या माणसाचं सगळं वजन त्या फटीवर असतं काकू. म्हणून पहिला नियम, तो कडीवर असेल तर झोका नाही, पाय जमिनीवर टेकवून ठेवायचे.

आता उपाय. पोकळ जाड बांबू घ्या, आतून निदान दीड दोन इंच मोकळा असलेला, बुरुडाकडे मिळेल, त्यातली पेरं आतून फोडून आरपार नळी करून घ्या. झोपाळा एकदा उतरवायला लागेल, कड्या एकेक करून बांबूच्या नळीतून ओवायच्या आणि परत टांगायच्या. खालचा, तुमच्या हाताजवळचा हत्ती उघडा राहू दे, तिथे तुमचा हात असतो आणि तुमचं लक्षही असतं, पण त्याच्या वर हुकापर्यंत सगळीकडे बांबू. हत्तीचा भाग मात्र लिंबू आणि मिठाने घासून साध्या पाण्याने धुऊन कोरडा करायचा, पावडर नको. बांबू तो कुरतडेल, कुरतडू दे, वर्षाने नवा घालायचा, दोनशे तीनशे रुपयांचं काम. नळीला बाहेरून सुतळी किंवा सुंभ गुंडाळू नका, धागे सुटतात आणि नखात अडकून पाय सुजतो.

आणि त्याला चढायचं कारण म्हणजे त्याला उंच बसून तुमच्याकडे बघायचंय. तर मागच्या दोन कड्यांच्या मध्ये, तुमच्या डोक्याच्या थोडं वर, पेरूची एक आडवी फांदी बसवा, दोन्ही बांबूंना खाच करून. फांदी मागच्या बाजूला असली की शी तुमच्या पाठीमागे जमिनीवर पडेल, लुगड्यावर नाही. मग तो आणि तुम्ही एकच झोका घ्याल, फांदी पाटाबरोबरच हलते ना, आणि पक्ष्याला हलती फांदी फार आवडते, रानात फांद्या हलतातच.

एक कागदाचं काम नातवाला सांगा. सन कन्युअर हा परदेशी पक्षी आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत येतो, त्यामुळे 2024 साली आलेल्या नियमांप्रमाणे त्याची नोंद परिवेश या सरकारी पोर्टलवर करायला लागते. बजी (बजरीगर, ते छोटे रंगीत पोपट) आणि कॉकाटील त्या यादीत नाहीत.

प्रश्न : पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, एक पीच-फेस लव्हबर्ड आहे, एकटीच. पुस्तकांच्या कपाटात पुस्तकांच्या मागे जाऊन बसते, पानं फाडून पट्ट्या करते आणि कमरेच्या पिसांत खोचून घेऊन जाते!! दोन महिन्यांत सहा अंडी घातली. नर नाहीये. मला असं कपाट हवंय जे तिचंही असेल आणि माझंही, तिच्यासाठी एक छान अंधारा कप्पा ठेवू का?

नको, नको. अंधारा कप्पा हाच तर प्रॉब्लेम आहे. लव्हबर्ड, बजी, कॉकाटील ही सगळी झाडाच्या ढोलीत किंवा फटीत घर करणारी मंडळी, तुमचं कपाट, सोफ्याच्या खालची जागा, अर्धवट उघडा ड्रॉवर हे तिच्या दृष्टीने ढोली आहे, आणि ढोली मिळाली की शरीर म्हणतं आता अंडी घालायची. नर लागत नाही. एकामागून एक अंडी घातली की हाडातलं कॅल्शियम संपतं, आणि एखादं अंडं आत अडकलं तर तास मोजायला लागतात. ती पिसं फुगवून तळाला बसली, जोर लावतेय असं वाटलं तर रात्र असली तरी डॉक्टरला फोन करा.

पट्ट्या खोचण्याचं तुम्ही लिहिलंय ते मात्र वाचून मी दोनदा हसले, पीच-फेस माद्यांची ती खरी ओळख आहे, कागद इतक्या सारख्या रुंदीचा कापतात की जणू कात्रीने कापलाय. पण आत्ता तिला कागद, पुठ्ठा, मक्याची सालं काहीच फाडायला देऊ नका, म्हणजे घरटं बांधायला सामान मिळणार नाही.

कपाटाचं असं करा. भाड्याचं घर आहे म्हणजे भिंतीला ड्रिल नको, उभं शेल्फ घ्या. पुस्तकं पार मागे टेकवा, मागे अंगठ्याएवढीही जागा नको, आणि वरच्या फळीपर्यंत जेवढी फट राहील तिथे आडवी पुस्तकं भरून टाका. एवढं जमत नसेल तर काचेचे दरवाजे, पण काचेवर अर्धपारदर्शक फिल्म चिकटवा नाहीतर उडत येऊन आपटेल. ड्रॉवरला मॅग्नेट, म्हणजे तिच्या चोचीने उघडायचा नाही. सगळ्यात वरची फळी पूर्ण रिकामी आणि उघडी, तिथे तिची फांदी, तिची पाण्याची वाटी, एक पसरट ट्रे आणि त्यात राळे, बाजरी, लहान गोटे, लाकडाचे चौकोनी ठोकळे मिसळून, म्हणजे दाणे शोधत बसावं लागतं. फाडण्याच्या ऐवजी शोधणं, डोकं त्यात गुंतलं की बरं. म्हणजे कपाट तुमचं दोघींचं झालंच, फक्त तिचा भाग वर, उजेडात.

जी अंडी आहेत ती लगेच उचलू नका. उचलली की ती परत घालते, नग भरून काढते. तीन साडेतीन आठवडे तशीच राहू द्या, कंटाळून स्वतः सोडते. रात्री 12 तास अंधार आणि शांतता, ट्यूबलाइटखाली दहा अकरापर्यंत जागवू नका. आणि पाठीवरून हात फिरवता का? डोक्यावर आणि मानेवर ठीक, पाठीवर नाही.

प्रश्न : रिक्लायनर घेतोय, बजी तीन आहेत, घरभर फिरतात. काही काळजी? (नाशिक)

घेऊ नका. एवढंच सांगायचंय खरं तर. बजी 30 - 40 ग्रॅमचा असतो, रिक्लायनरच्या यंत्रात शिरतो आणि तुम्ही बटण दाबता. हीच गोष्ट हायड्रॉलिक बेडची आणि सोफा कम बेडची. ज्या फर्निचरला पोटात हलणारे भाग आहेत ते उडते पक्षी असलेल्या खोलीत नको. पायांवर उभा, खालून सरळ आरपार दिसणारा लाकडी सोफा घ्या, बसायच्या आधी उशी उचलून बघायची सवय लावा, सगळ्यांना, पाहुण्यांना पण. आणि दारांच्या वरच्या कडा. पक्षी दारावर जाऊन बसतात आणि कोणीतरी दार लोटतं. आमच्या कॉकाटीलचं एक नख असंच गेलं, माझ्याच हातून, त्यानंतर मी घरातल्या प्रत्येक दाराच्या वर 45 अंशात उतरती लाकडी पट्टी ठोकून घेतली, त्यावर त्याला बसताच येत नाही.

प्रश्न : मुलगी 9 वर्षांची, तिला धूळ सोसत नाही, इनहेलर घेते. कॉकाटील घेऊन दे म्हणून मागे लागलीये. असं काही फर्निचर आहे का ज्यात पक्ष्याची धूळ अडकते आणि घरात पसरत नाही? काचेचं कपाट वगैरे? आम्ही बेंगळुरूला असतो.

तिचा हट्ट कळतो मला, पण खरं तेच सांगते. असं फर्निचर नाही. कॉकाटील हा काकाकुव्याच्या घराण्यातला, त्याच्या अंगावर पावडरसारखी पिसं असतात जी सतत झडून पिठासारखी उडत राहतात, काळा टीव्ही दोन दिवसात पांढरा दिसतो. आणि काचेच्या बंद पेटीत पक्षी ठेवायचा म्हणजे त्याच पिठात त्यालाही कोंडायचं. आधी तिच्या डॉक्टरांना विचारा, आणि ते नाही म्हणाले तर नाहीच. पक्ष्यांच्या पिसांच्या आणि विष्ठेच्या धुळीने फुफ्फुसाला कायमची सूज येऊ शकते, कोरडा खोकला आणि धाप लागते, मोठ्या माणसांनाही होतं.

डॉक्टर हो म्हणाले तरच पुढचं. मग कॉकाटील नको, बजीची जोडी बघा, त्यांची धूळ असते पण बरीच कमी. पक्ष्यांची जागा मुलीच्या झोपायच्या खोलीत नाही. पक्ष्यांच्या खोलीत गालिचा, जाड पडदे, कापडी सोफा काही नको, लाकडी दिवाण आणि त्यावर दर आठवड्याला धुता येईल असं घट्ट विणीचं सुती कव्हर, टर्किश टॉवेलसारखं फासांचं कापड नको, नखं अडकतात. फांद्या खिडकीच्या बाजूला, खिडकीला स्टीलची जाळी, 304 ग्रेडची, दोन तारांमधलं अंतर 12 मिलिमीटरच्या वर नको. जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त जीआय जाळी घेऊ नका, बजी तो मुलामा चोचीने सोलतो. झाडू नाही, ओलं पुसणं. आणि परातीत रोज आंघोळीला पाणी, भिजलेल्या पिसांतून धूळ कमी उडते.

प्रश्न : रत्नागिरीला आमच्या नारळाच्या झाडावरून पोपटाचं पिल्लू पडलं, आता पंख आलेत, हाताळलेलं आहे. त्याच्यासाठी पडवीत बसायला काय करून घेऊ, आजोबांच्या वेळी पितळी गोल कडं होतं तसं?

तुम्ही त्याला वाचवलंत, मोठं केलंत, ते खूप चांगलं केलंत. पण आपला रानातला पोपट पाळायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, पिल्लू सापडलेलं असलं तरी, मैनेचंही तसंच. आता पंख आलेत म्हणता, तर हीच वेळ आहे. 1926 या नंबरवर वनविभागाला फोन करा आणि सांगा की पिल्लू पडलं होतं, वाढवलं, सोडायचंय. ते त्याला त्याच्या जातीच्या इतर पक्ष्यांबरोबर ठेवून रानाची सवय लावायची व्यवस्था करतात, परस्पर सोडून देऊ नका, एकट्याला खायला शोधता येत नाही आणि कावळे मारतात.

पडवीत मात्र करण्यासारखं खूप आहे. आपल्याकडे आजोबांच्या फोटोमागे, वाशांच्या फटीत चिमण्या घरटी करायच्या, कोणी त्यांना पाळलं नव्हतं पण घर दोघांचं होतं. आता स्लॅबच्या घरांना फटी राहिल्या नाहीत. पडवीच्या बाकाची पाठ थोडी उंच करून घ्या आणि त्या पाठीपेक्षा वर, भिंतीला, छपराच्या खाली, आठ दहा फुटांवर जंगली लाकडाच्या फळ्यांच्या पेट्या ठोका, तोंडाचं भोक 32 मिलिमीटर, त्याच्यापुढे बसायला काडी नको कारण कावळ्याला आणि मांजराला तीच कामाला येते. तळाला दोन बारीक भोकं पाणी जायला. आतून रंग किंवा पॉलिश काही नाही. वरचं झाकण बिजागरीचं, म्हणजे पावसाळा संपला की जुनं घरटं काढून उन्हात तापवता येतं. पेटी बाकाच्या बरोबर डोक्यावर नको, हातभर बाजूला. चिमण्या लगेच येतील असं नाही, कधी कधी दुसऱ्या वर्षी येतात. बाकावर बसून रहा, फार हलू नका, आणि नारळाच्या सालीचे धागे घरट्यासाठी अंगणात थोडे पसरून ठेवा.